आवर घालणारे

रुमालासाठी त्यानं खिशात हात घातला आणि हाताला दोन किल्ल्या लागल्या. तो प्रयोगशाळेतल्या थंड पेटीसमोर बसला होता. पेटीच्या काचेवर त्याच्याच श्वासाची वाफ धरली होती आणि ती पुसायची होती, एवढंच. एक किल्ली त्याची, ती खिशात असायलाच हवी. दुसरीला जुन्या शिट्टीची विणलेली दोरी होती, म्हणजे ती आईची. ती घरी दाराशेजारच्या खिळ्याला असते, कारण दाराचं कुलूप आतूनही किल्लीनंच उघडतं. ती इथं कशी आली, हा प्रश्न मनात पुरता उमटायच्या आत उत्तर हाताला कळलं होतं. आपण आईला बाहेरून कुलूप लावून आलो. आईला कोंडून आपण मेंदूचे काप काढत बसलो आहोत. त्यानं काच पुसली. रुमाल नव्हताच, बाहीनं पुसली.

विसरलो म्हणावं तर तसंही नव्हतं. सकाळी सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला, मुलाला ताप आहे, आज येत नाही. तो आईला म्हणाला, "आज खाली जाऊ नकोस. संध्याकाळी मी नेतो." आई म्हणाली, "बघू." आईचं 'बघू' त्याला पन्नास वर्षं माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं बघू म्हणजे विचार करू. आईचं बघू म्हणजे तू जा, मग मी जातेच. ती खुर्चीत बसली होती, उजवा हात मांडीवर आपल्याशीच हलत होता, पायांत मात्र बाहेरचे बूट होते. घरात बूट घालून कोण बसतं? त्यानं बूट पाहिले, तिनं त्यानं पाहिलेलं पाहिलं. मग तो निघाला. निघताना हात वर गेला, खिळ्यावरून किल्ली उचलली, खिशात टाकली, दार ओढलं, कुलूप फिरवलं. सगळं इतकं सफाईनं झालं की जणू हा हात रोज हेच करत आला होता. जिन्यात त्याला हलकं वाटलं होतं, तेही आता आठवलं. त्या हलकं वाटण्याचीच त्याला आता लाज वाटू लागली.

पण तो उठला नाही. पात्याखालचा ठोकळा कुणा अनोळखी माणसाच्या मेंदूचा होता. त्या माणसानं जिवंतपणी सांगून ठेवलं होतं, की मेल्यावर घ्या माझा मेंदू. अशा माणसाला अर्ध्यात सोडून उठणं बरं नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पातं फिरलं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सुटला, आणि तो गुंडाळी व्हायच्या आत त्यानं बारीक कुंचल्यानं त्याचा काठ धरला. काचपट्टी जवळ नेली की काप तिच्यावर आपोआप झेपावतो आणि पाठीमागून बोटाची ऊब लागली की वितळून चिकटतो. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. असे काप काढायचे, ते एका द्रावणात भिजवायचे, मग अंधाऱ्या डब्यात फिल्मवर आठवडेच्या आठवडे निजवायचे, आणि फिल्म धुतली की बघायचं, कुठं काळं आलं. काळं म्हणजे तिथं रिसेप्टर दाट. आणि त्याचे रिसेप्टर सगळे एकाच जातीचे, नन्नाचा पाढा ऐकणारे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. काही निरोप 'कर' म्हणतात, काही 'नको' म्हणतात. 'नको' ऐकून घेणारे हे कान हालचालीच्या जागांवर कुठं किती बसले आहेत, याचे नकाशे त्यानं काढले होते. मागं लटकणाऱ्या लहान मेंदूच्या एका पदरात ते इतके दाट की फिल्मवर झाडाच्या फांद्या उमटाव्यात. खोल गाभ्यातल्या पट्टेरी भागात मध्यम. आणि त्याच्या कुशीतला तो फिकट गोळा, जो फिल्मवरही फिकटच येतो, त्याच्यावर या माणसाचा विशेष लोभ होता. कारण तो गोळा म्हणजे सगळ्या कारभारातला कायमचा नकारघंटावाला. आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हाही तो 'नको, नको' म्हणतच असतो. साधा कप उचलायचा झाला तरी आधी कुणालातरी त्यालाच 'नको' म्हणावं लागतं. तो क्षणभर गप्प होतो, आणि तेवढ्यात हात कपापर्यंत पोचतो. माणसाची सगळी धावपळ अशी नकाराला मिळालेल्या नकारातून निघते, हे त्याला पहिल्यांदा कळलं तेव्हा तो तरुण होता, आणि ही गोष्ट सांगायला धावत घरी गेला होता.

आई तेव्हा शाळेत खेळ शिकवायची. सगळी गल्ली तिला शिट्टीबाई म्हणायची, तोंडावरसुद्धा. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यात नवीन काय? पळायला काय, कुत्रंही पळतं. शिट्टीआधी न पळणं शिकवावं लागतं." त्याचा फुगा फुटला. पुढं केव्हातरी वाचनालयात त्याचं व्याख्यान ठरलं, साध्या लोकांसाठी, साध्या भाषेत. पुस्तकातला 'अवरोधी' शब्द लोकांच्या घशाखाली उतरायचा नाही म्हणून त्यानं रात्रभर शब्द शोधला होता, आणि व्यासपीठावर म्हणाला, "हे आवर घालणारे रिसेप्टर." शब्द त्याला फार आवडला होता. आई पहिल्या रांगेत ताठ बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला सांगितलं, "आमचा हा मेंदूतल्या आवरण्यावर काम करतो. डोक्यात आवर, आवर म्हणणारं काहीतरी असतं, ते कुठं कुठं असतं ते हा शोधतो." शेजारीण म्हणाली, "मग आमच्या ह्यांच्या डोक्यात ते शोधूनही सापडायचं नाही. अंघोळीला जा म्हटलं की दुपार होते." त्याला ते कळल्यावर तो वैतागला. "अगं, आवर म्हणजे थांब!" आई त्याच्याकडं बघतच राहिली. "आवर म्हणजे थांब कधीपासून झालं? आवर म्हणजे चल." आणि खरंच, त्याचं सगळं लहानपण त्या एका शब्दानं हाकललेलं होतं. आवर, दूध गार होतंय. आवर, घंटा होईल. ताई वेणी घालतेय, तू तरी आवर. पण तीच आई तो शेजारच्या मुलाच्या अंगावर धावून गेला तेव्हा मनगट धरून म्हणाली होती, "आवर. स्वतःला आवर." तेव्हा तो थांबला होता. एकाच तोंडानं चल आणि थांब म्हणणारा हा शब्द आपल्या शास्त्राला इतका नेमका बसावा, याची त्याला नंतर मजा वाटायची, आणि ती मजा दुसऱ्या कुठल्या भाषेतल्या सहकाऱ्याला सांगता यायची नाही.

"काप दुमडला," फिल्म धुणारी त्याची सहकारी मागून म्हणाली. खरंच दुमडला होता. कुंचला त्याच्या हातात तसाच राहिला होता. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग मांडीवर काढून ठेवलेल्या किल्ल्यांकडं. "घरी जा, सर. हे काप काय पळून जाणार आहेत? पळता येत असतं तर इथं आले असते का?" तो हसला नाही, तेव्हा तीही गंभीर झाली. "आईंचं काही?" तो म्हणाला, "फोन करतो." त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली. आईला खुर्चीतून उठायला वेळ लागतो, उठून वळायला त्याहून जास्त, हे माहीत असल्यानं तो फोन ठेवतच नसे. आजही त्यानं वाजू दिला, इतका की फोन आपोआप बंद पडला. पुन्हा लावला. या वेळी वाजताना त्याला खोली दिसत होती, टेबलावरचा फोन, रिकामी खुर्ची, आणि खुर्चीच्या खाली, गादीशेजारी, मोरीच्या दारात, कुठंतरी एक आडवी आई.

पडण्याची त्यांच्या घरात किंमत ठरलेली होती. दुसऱ्यांदा ती मोरीत पडली आणि तो घरी येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली, तेव्हा ताईनं दूरच्या गावाहून फोनवर रडत रडत सांगितलं होतं, हे असं चालायचं नाही. चांगली संस्था आहे, चोवीस तास माणूस असतं, दोघं मिळून करू. ताईचं चुकत नव्हतं. ताईला रात्री फोन वाजला तरी धडकी भरायची. शेवटी आईनंच निकाल दिला. "ठरलं तर मग. आणखी एकदा पडले की मी बाद. मुकाट्यानं जाईन तुमच्या त्या संस्थेत." खेळातला नियम सांगावा तशी म्हणाली आणि हसली. ताई हसली, तोही हसला. पण हे बोलताना आई भिंतीकडं तोंड करून उभी होती, वळायचं तिला जमत नव्हतं, त्यामुळं ती खरंच हसत होती का ते त्याला दिसलं नव्हतं. तेव्हापासून तो घरात आवर घालत सुटला. चटई काढली, स्टूल काढलं, खिडकीशी जायचं नाही, जिना उतरायचा नाही, माझा हात धरल्याशिवाय उठायचं नाही. ती पडू नये म्हणून. ती पडली तर जाईल म्हणून. सकाळची किल्ली ही या सगळ्याची फक्त पुढची पायरी होती. आपण तिला जपतोय असं तो ताईला सांगायचा, आणि ताई म्हणायची, तू आहेस म्हणून मला झोप लागते.

बसमध्ये तो उभाच राहिला, जागा असून. मनात फिल्मा येत होत्या. आईला होता तोच कंपवाताचा आजार असलेल्यांच्या कापांत त्यानं एक गोष्ट पाहिली होती: फिकट गोळ्याच्या ज्या भागात 'नको'चे निरोप यायचे कमी होतात, तिथं ते ऐकणारे रिसेप्टर वाढलेले दिसतात, आणि जिथं निरोपांचा भडिमार होतो तिथं ते घटतात. ज्याच्याकडं कुणी येत नाही त्याचे कान लांब होतात, आणि ज्याच्या मागं सतत कुणी लागतं तो बहिरा होतो. फिल्म बघताना हे नुसतं निरीक्षण होतं. बसमध्ये दांडा धरून उभं असताना त्याला वाटलं, दिवसभर दाराकडं कान लावून बसलेल्या बाईला आपण संध्याकाळी घरी गेल्यावर काय ऐकवतो? उठू नको. वाकू नको. तिथं नको. आणि ती बघू म्हणते. याला बहिरेपण म्हणायचं की आणखी काही, ते त्याला ठरवता आलं नाही. त्याला फक्त ती जिवंत हवी होती, घरात, उभी, आणि तेही आत्ता.

जिना तो धावत चढला. दाराशी आला तर हाताला आधी आईचीच किल्ली लागली. घाईत तिरकी घातली, फिरेना. "आई!" काढून पुन्हा सरळ घातली. दारापलीकडून आवाज आला. पूर्वी हा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला शिट्टीशिवाय जायचा. आजारानं तो चोरून नेला होता, आता ती बोलली की समोर बसूनही वाकावं लागायचं. लाकडातून त्याला सगळं बोलणं ऐकू आलं नाही. एकच शब्द आला. "...आवर..." बस्स. त्याला वाटलं, ती पडलीय, तिला दुखतंय, ती घाई कर म्हणतेय. दूध गार होतंय, घंटा होईल, आवर. कुलूप फिरलं आणि त्यानं खांद्यानं दार आत लोटलं. दार एकदम गेलं नाही. कशावर तरी मऊसर आपटलं, मग गेलं.

ती बुटांच्या मांडणीला घासून खाली बसल्यासारखी कोसळली होती. अंगात बाहेर जायचा कोट, केस विंचरलेले. मग ती म्हणाली, "आवर म्हटलं होतं ना."

"म्हणून तर ढकललं!"

"अरे गाढवा, स्वतःला आवर म्हणत होते. मी दाराला नाक लावून उभी आहे, हळू उघड, असं सगळं सांगत होते."

तो गुडघ्यांवर बसला. त्याच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला, पण ते हसू नव्हतं, आणि तिनं आपला चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला, त्याची समजूत काढावी तसा. ओढून उठवायचं नसतं हे त्याला माहीत होतं. त्यानं तिला कुशीवर वळवलं, मग गुडघ्यांवर, मग खुर्ची पुढं आणली, आणि ती खुर्चीला धरून स्वतःच उठली. कोपर सुजायला लागलं होतं. हाड शाबूत होतं. बोटं हलत होती, जरा जास्तच. त्यानं बर्फ फडक्यात बांधून आणला आणि कोपरावर धरला.

"दाराशी कशी आलीस?"

"खाली कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं होतं. किल्ली बघितली तर खिळा मोकळा. म्हटलं, वळावं. वळायला गेले नि पाय बसले रुतून. दार समोर, जायला वाट नाही, मागं फिरायला पाय नाहीत." ती थोडी थांबली, बोलण्यानं तिला दम लागायचा. "फोन वाजत होता. तूच असणार, माहीत होतं. मी पायांना म्हणत होते, चला रे, पोरगं घाबरलं असेल. ऐकतील तर शपथ." म्हणजे तो तिकडं घंटा ऐकत होता तेव्हा तीही इकडं तीच घंटा ऐकत उभी होती. त्यानं बर्फ दुसऱ्या हातात घेतला. बोटं बधिर झाली होती आणि त्याला ते बरं वाटत होतं.

"एक विचारू?" आई म्हणाली. "कुलूप विसरून लावलंस की मुद्दाम?"

विसरून म्हणणं सोपं होतं. तिनं ते मानलंही असतं. "मुद्दाम," तो म्हणाला.

"हं." तिनं कोपर जरा सरकवलं. "बरं झालं. विसरला असतास तर मला तुझ्या डोक्याची काळजी लागली असती."

ताईचा फोन संध्याकाळी यायचा तसा आला. फोन उचलायच्या आधी त्यानं आईकडं पाहिलं, आणि आई त्याच्या मनातलं ओळखून म्हणाली, "लपवायचं नाही. नियम मी केलाय." त्यानं आवाज मोठा ठेवला, म्हणजे दोघांना ऐकू यावं.

"आज कशी आहे?" ताईनं विचारलं.

"पडली."

"लागलं?"

"कोपर सुजलंय. बाकी ठीक आहे. ताई, ऐक. ती आपली आपण पडली नाही. मी दार ढकललं, ती मागं उभी होती. आणि ती मागं अडकून उभी होती, कारण मी सकाळी बाहेरून कुलूप लावून गेलो होतो. तिची किल्ली घेऊन."

"बाहेरून?" ताईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अरे, आग लागली असती तर?... असं करायची वेळ आली ना तुझ्यावर? बघ, तूसुद्धा थकलायस. मी तुला दोष देत नाही. पण पडली ना ती शेवटी? कुणामुळं का असेना." ती रडत होती. "आपलं ठरलं होतं."

आईचे ओठ हलले. "काय म्हणतेय?" ताईनं विचारलं. "मला ऐकू येत नाही."

तो वाकला, ऐकलं, आणि फोनमध्ये बोलला, "म्हणते, शर्यतीत धक्का मारणारा बाद होतो. धक्का खाणारा नाही."

रडता रडता ताई हसली. "तिला म्हणावं, ही शाळा नाही गं आई. मला भीती वाटते. रोज वाटते. मी इतक्या लांब बसून काय करू, सांग ना." मग नुसतंच तिचं हुंदके आवरणं ऐकू येत राहिलं. आईनं ते डोळे मिटून ऐकलं. हातावरचा बर्फ वितळून तिच्या कोटाच्या बाहीत उतरत होता, तरी तिनं हात काढला नाही. तिच्या तोंडावर आजारानं आलेला एक थिजलेपणा असायचा, त्यामुळं तिला काय वाटतं ते तोंडावरून ओळखायची सोय उरली नव्हती. पण तिची हनुवटी खाली गेली, आणि शाळेच्या मैदानावर, लग्नाकार्यात, वडील गेले त्या दिवशीही ती हनुवटी त्यानं कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. ती बोलली. इतकी हळू, की त्याचा कान जवळजवळ तिच्या ओठांना लागला. "पोर रडतेय. जाऊ दे. जाईन म्हणावं मी."

"आता काय म्हणाली?" ताईनं विचारलं.

तो सरळ झाला. आई त्याच्याकडं बघत नव्हती, आपल्या बुटांकडं बघत होती. ते तिनं अजून काढले नव्हते.

"कुठंही जाणार नाही म्हणते."

आईनं मान वर केली.

"नक्की?" ताई म्हणाली. "आई असं म्हणाली?"

"नाही," तो म्हणाला. "आई जाईन म्हणाली. नाही म्हणतोय तो मी."